आहार, व्यायाम आणि वजन : इंग्रजी शब्दांचा एक पाठ



'डाएट' हा शब्द आपल्या वस्तीत अजूनही थोडा चेष्टेनेच उच्चारला जातो. ज्यांच्या आजी-आजोबांना दोन वेळच्या भाकरीची खात्री नव्हती, त्यांच्या घरी वजन कमी करण्याच्या गोष्टी कशाला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु आज आपल्याच कितीतरी घरांत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या रोज घेतल्या जातात. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने फार त्रास दिला. या आजारांसंबंधीचे बहुतेक लिखाण, मग ती औषधाची चिठ्ठी असो, तपासणीचा अहवाल असो वा खाद्यपदार्थाचे पाकीट असो, इंग्रजीत असते. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी ते समजावून दिले नाही, तर आईवडिलांना ते कळत नाही. म्हणून हे शब्द फॅशन म्हणून नव्हे, तर गरज म्हणून शिकावयाचे आहेत.

१. विचार आपल्या परिचयाचा

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. तो एका वेळी द्रोणभर भात खात असे. असा भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवान बुद्धांकडे आला. तथागतांनी त्याला आहारातील मात्रा ओळखण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले. हळूहळू राजाचा आहार एका नाळीवर, म्हणजे लहानशा मापावर आला आणि शरीर हलके झाले.

या गुणाला पालीत 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात. इंग्रजीत त्यासाठी 'मॉडरेशन' हा शब्द आहे. राजा उपाशी राहिला नाही. त्याने आहार क्रमाक्रमाने कमी केला. इंग्रजीत यालाच 'कट डाउन' म्हणतात. 'गिव्ह अप' म्हणजे पूर्ण सोडणे. साखर 'कट डाउन' करावी. दारू व तंबाखू मात्र 'गिव्ह अप' करावी. पाचवे शील पाळणाऱ्याला हा फरक वेगळा शिकवावा लागणार नाही.

'डाएट' हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला असून त्याचा मूळ अर्थ जीवन जगण्याची रीत असा होता. आज त्याचे दोन अर्थ होतात. 'माय डाएट' म्हणजे माझा रोजचा आहार. 'आय अ‍ॅम ऑन अ डाएट' म्हणजे मी पथ्यावर आहे.

२. जोडीने येणारे शब्द

सुटा शब्द पाठ करून बोलता येत नाही. तो कोणत्या क्रियापदाबरोबर येतो, हे लक्षात ठेवावे.

वजन वाढणे : 'गेन वेट' किंवा 'पुट ऑन वेट'.
वजन कमी करणे : 'लूझ वेट'.
व्यायाम करणे : 'डू एक्सरसाइज' किंवा 'वर्क आउट'.
फिरावयास जाणे : 'गो फॉर अ वॉक'. 'डू वॉक' असे म्हणू नये.
जेवण टाळणे : 'स्किप अ मील'.

येथे स्पेलिंगची एक नेहमीची चूक सांगतो. 'लूझ' म्हणजे कमी करणे किंवा गमावणे. त्यात 'ओ' एकच आहे. दोन 'ओ' असलेला 'लूस' म्हणजे सैल. वजन कमी झाल्यावर कपडे 'लूस' होतात, असे ध्यानात ठेवले की चूक होत नाही. घाम या अर्थाचा शब्द 'स्वेट' आहे, 'स्वीट' नव्हे.

३. माणसाविषयी बोलताना

'फॅट' हा शब्द पदार्थातील स्निग्धांशासाठी योग्य आहे. माणसाला उद्देशून तो अपमानकारक ठरतो. 'ओव्हरवेट' म्हणजे वजन जास्त असलेला, 'ओबीस' म्हणजे लठ्ठपणाच्या अवस्थेला पोहोचलेला. हे वैद्यकीय शब्द आहेत. 'स्लिम' म्हणजे सडपातळ, हा कौतुकाचा शब्द. 'थिन' म्हणजे बारीक. 'स्किनी' म्हणजे हाडकुळा, हाही बोचणारा शब्द. सम्यक वाचा इंग्रजीतही पाळावयाची असते.

'अंडरवेट' म्हणजे वजन कमी असलेला. आपल्या अनेक मुली अशा आहेत. त्यांनी हा पाठ वाचून जेवण कमी करू नये. त्यांना पोटभर व सकस अन्नाचीच गरज आहे.

४. पाकिटावरील शब्द

'इन्ग्रेडियंट्स' म्हणजे घटक. हे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत साखर असेल, तर पदार्थ गोड आहे हे उघड झाले. 'टोटल शुगर्स' म्हणजे एकूण साखर आणि 'अ‍ॅडेड शुगर्स' म्हणजे वरून घातलेली साखर. 'सोडियम'वरून मिठाचा अंदाज येतो. रक्तदाब असणाऱ्यांनी तो आकडा पाहावा. 'शुगर फ्री' याचा अर्थ कॅलरी नाहीत असा होत नाही.

आता हिशेब पाहू. पाकिटावर 'पर 100 ग्राम' 500 किलोकॅलरी लिहिले आहे आणि पाकीट 150 ग्रामचे आहे. संपूर्ण पाकीट खाल्ले, तर 750 किलोकॅलरी पोटात गेल्या. बोलण्यात आपण जिला 'कॅलरी' म्हणतो, ती हीच किलोकॅलरी होय.

५. दवाखान्यातील शब्द

'फास्ट' म्हणजे वेगवान, तसेच उपवासही. 'फास्टिंग' लिहिलेली रक्ततपासणी उपाशीपोटी असते. रात्रीचा उपवास मोडणारा तो 'ब्रेकफास्ट'. 'पी. पी.' ही मधुमेहाची तपासणी जेवणानंतर दोन तासांनी होते. चहा घेऊन 'फास्टिंग' तपासणीस गेल्यास अहवाल चुकीचा येतो. एका शब्दाचा अर्थ न कळल्याने रोजही बुडतो आणि पैसाही जातो.

'बी. एम. आय.' काढण्यासाठी किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची 1.60 मीटर व वजन 64 किलो असल्यास 64 भागिले 2.56, म्हणजे 25. भारतीयांसाठी 2009 साली तज्ज्ञांनी सुचविलेल्या मर्यादेनुसार 23 पासून 'ओव्हरवेट' व 25 पासून 'ओबीस' धरतात. 'मॉडरेट एक्सरसाइज' म्हणजे भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान 150 मिनिटे असा व्यायाम सांगितला आहे. त्याला पैसे लागत नाहीत. औषध किंवा पथ्य मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलावे.

अभ्यास कसा करावा?

एका वहीत तीन रकाने आखावेत : इंग्रजी शब्द, मराठी अर्थ आणि स्वतः तयार केलेले वाक्य. रोज पाच शब्द पुरेत. आठवड्यातून एकदा घरातील एखादे पाकीट किंवा जुना अहवाल घेऊन तो आईला मराठीत समजावून सांगावा. तिला समजले, तर आपल्याला शब्द आला असे मानावे. विहारात रविवारी मुले एकत्र येतात, तेथेही हा उपक्रम सहज करता येईल.

बाबासाहेबांनी इंग्रजीवर प्रभुत्व मिळविले आणि ते ज्ञान समाजाच्या कामी लावले. आपले इंग्रजी थोडे असेल. परंतु त्याने घरातील एका माणसाचे पथ्य नीट पाळले गेले, तरी ते शिक्षण कारणी लागले असे आम्ही समजतो.

जय भीम!