मयत खातेदाराचा फोल्डर

३१ वर्षं तलाठी म्हणून नोकरी केली. कागद पाहिल्याशिवाय कुणाच्या सात-बाऱ्यावर कान्याचाही फरक केला नाही. निवृत्तीनंतर मात्र घरच्या लॅपटॉपवर एका रात्रीत हजारो फायलींचे मालक बदलून टाकले, तेही धड काही न वाचता. त्याची ही हकिगत. साठी ओलांडलेले, थोडंफार कॉम्प्युटर येणारे आणि म्हणूनच जास्त धोक्यात असलेले जे कुणी माझ्यासारखे असतील, त्यांच्या उपयोगी पडावी.

गेल्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि जुना कॉम्प्युटर कायमचा बसला. मदरबोर्ड जळाला, पण हार्ड डिस्क शाबूत होती. दुरुस्तीवाल्या पोरानं ती काढून एका डबीत बसवून दिली. वायर लॅपटॉपला जोडली की झालं. त्या डिस्कवर थोरलीच्या लग्नाचे फोटो होते आणि आमच्या घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ होती. ती मी चार वर्षं खपून टाइप केली होती.

डिस्क जोडली, ती ई ड्राइव्ह म्हणून दिसली. माझ्या नावाचा फोल्डर उघडायला गेलो तर चौकट आली: तुम्हाला सध्या या फोल्डरची परवानगी नाही, कायमची हवी असेल तर ‘कंटिन्यू’ दाबा. दाबलं. वरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. फोल्डर माझा, त्यावर नाव माझं, आणि परवानगी मलाच नाही! डोकं फिरलं. चौकट बंद केली आणि एका व्हिडिओत उपाय शोधला.

व्हिडिओतला मुलगा सांगत होता: कमांडची काळी खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘टेकओन’ची ही ओळ टाका, मग ‘आयकॅक्ल्स’ची ती टाका, कुठलीही फाइल उघडेल. पडद्यावरची अक्षरं मी जशीच्या तशी उतरवली आणि एंटर मारलं. ‘सक्सेस, सक्सेस’ अशा ओळी भराभर वर जाऊ लागल्या. पाऊण तास ते चाललं होतं. मी समाधानानं झोपलो.

सकाळी स्टार्ट मेनू उघडेना. सेटिंग्ज उघडलं की लगेच मिटे. साधा कॅल्क्युलेटरही चालेना. आणि ई ड्राइव्हवरचा माझा फोल्डर? तो होता तसाच बंद. पुण्याला भाच्याला फोन लावला.

“मामा, कमांडमध्ये ड्राइव्हचं अक्षर कुठलं टाकलंत?”

“सी. व्हिडिओत होतं तेच.”

“आणि तुमची डिस्क?”

“ई.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, “मामा, आता कशाला हात लावू नका. मी रविवारी येतो.”

रविवारी आल्यावर त्यानं लॅपटॉपला हात लावण्याआधी मला समजावून सांगितलं. ऐकता ऐकता मला वाटलं, हे तर आपलंच खातं आहे.

विंडोजमध्ये प्रत्येक फायलीला, फोल्डरला एक मालक असतो, आणि कुणी उघडायचं, कुणी बदलायचं, कुणी पुसायचं याची यादी असते. म्हणजे सात-बाराच. मालकी वेगळी, वहिवाट वेगळी. फोल्डरला मिळालेले हक्क आतल्या फायलींना आपोआप लागतात, त्याला तिथेही वारसाच म्हणतात. मालक बदलणं म्हणजे फेरफार. पण तिथे माणूस नावानं ओळखला जात नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक असतो, तो एस-१-५-२१ असा सुरू होतो. जुन्या कॉम्प्युटरवरचा मी आणि नव्या लॅपटॉपवरचा मी, नाव एकच असलं तरी क्रमांक दोन. एका गावात चार दत्तात्रय असले तर आम्ही गट नंबर बघायचो, तसंच.

त्यानं माझ्या फोल्डरचा मालक उघडून दाखवला. नावाच्या जागी तो क्रमांक आणि शेजारी ‘अकाउंट अननोन’. मी हसलो. हे दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं होतं: खातेदार मयत, वारसनोंद झालेली नाही. लॅपटॉपनं मला अडवलं यात त्याची काही चूक नव्हती.

मी सी ड्राइव्हवर काय केलं तेही कळलं. तिथल्या कितीतरी फायलींची मालकी खुद्द विंडोजच्या ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाच्या खात्याकडे असते. घरमालकानंही चुकून त्या पुसू नयेत म्हणून ही सोय. मी सरसकट सगळीकडे स्वतःचं नाव लावलं आणि काही फोल्डरांवरून तर आधीच्या हक्कदारांची नावं कमी केली. गावच्या रस्त्यापासून स्मशानभूमीपर्यंत सगळं एकाच्या नावावर चढवलं तर गाव जसं चालायचं थांबेल, तसा लॅपटॉप थांबला. जुन्या नोंदी एकेक करून लावणं शक्य नव्हतं. शेवटी ‘रिसेट धिस पीसी’मधला ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय निवडला. कागदपत्रं, फोटो राहिले. टाकलेले सगळे प्रोग्राम गेले. प्रिंटर, मराठी टायपिंग, आयकराचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्यात दोन दिवस मोडले.

मी विचारलं, “अरे पण मी तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. मग मलाच दर वेळी का विचारतो?” त्याचंही उत्तर आहे. विंडोज एक्सपीच्या काळात, म्हणजे २००१ नंतर, घरातलं पहिलं खातं सर्वाधिकारी असायचं आणि त्यातून चालणारा प्रत्येक प्रोग्रामही. व्हायरस आला तर तोही सर्वाधिकारी. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हापासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही रोजचं काम साध्या हक्कांवरच करतो. मोठा बदल करायचा असला की पडदा अंधारतो आणि ‘होय की नाही’ विचारलं जातं. तलाठ्यानं नोंद धरली तरी मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्याशिवाय ती पक्की होत नाही, तसं. फरक इतकाच की इथे दोन्ही खुर्च्यांवर आपणच बसतो. म्हणून दुसऱ्या खुर्चीत बसताना तरी कागद वाचावा.

आता ठेच लागून शिकलेलं सांगतो.

आधी मेसेज पूर्ण वाचा, कारण प्रत्येक अडवणूक परवानगीची नसते. फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे असा मेसेज असेल तर तो प्रोग्राम बंद करा, बस्स. काही मेमरी कार्डांच्या कडेला लिहिण्याची बंदी करणारी बारीक कळ असते, तीही बघा. एखादा नवा प्रोग्राम डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करू देत नसेल, तर विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअरपासून संरक्षणाचं जे पान आहे तिथे ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू आहे का ते पाहा. ही सोय २०१७ पासून आहे. भरवशाचा असेल तर तेवढ्या एका प्रोग्रामला तिथे मुभा द्या.

जुन्या डिस्कचा फोल्डर असेल तर ‘कंटिन्यू’ दाबून थांबा. ती हिरवी पट्टी सावकाश चालते, कारण आतल्या एकेक फायलीवर तुमची नोंद चढत असते. मी नेमकी तीच अर्ध्यावर तोडली. त्यानं जमलं नाही तर फोल्डरवर उजवी कळ दाबा, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड असं जा. वर ‘ओनर’ दिसेल, त्यापुढे ‘चेंज’. तिथे स्वतःच्या खात्याचं नाव घाला, आतल्या फोल्डर-फायलींचाही मालक बदलण्याच्या चौकोनात टिक करा आणि ओके म्हणा. खिडकी बंद करून परत उघडा आणि परवानगीच्या यादीत स्वतःला पूर्ण हक्क द्या. हे फक्त त्या एका फोल्डरपुरतं. अख्ख्या ड्राइव्हवर कधी नाही, सी ड्राइव्हवर तर मुळीच नाही. फोल्डर उघडला की आतला ऐवज कॉपी करून नव्या डॉक्युमेंट्समध्ये घ्या. कॉपी केलेली फाइल नव्या जागेचे हक्क घेते, जुनं झेंगट मागे राहतं.

फाइल मुळात एन्क्रिप्ट केलेली असेल, तर मालकी बदलून उपयोग नाही. सात-बाऱ्यावर नाव लागलं म्हणून तिजोरीची किल्ली मिळत नाही. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आजच कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर आतलं सगळं गेलं समजा.

रोजच्या कामाला साधं खातं वापरा आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं वेगळं ठेवा. मात्र क्रम चुकवू नका. आधी दुसरं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं उघडा, त्यात एकदा जाऊन या, मगच आपलं साधं करा. घरातला एकमेव अ‍ॅडमिनिस्ट्रेटर साधा करून बसलात, तर परवानगीच्या चौकटीतलं ‘होय’ दाबताच येत नाही.

आणि कुणी सांगितलेली कमांड टाकण्याआधी तिच्यातलं ड्राइव्हचं अक्षर मोठ्यानं वाचा. माझी सगळी फजिती एका अक्षराची होती.

माझा फोल्डर त्या रविवारी संध्याकाळी उघडला. वंशावळ शाबूत होती. आता ती लॅपटॉपवर आहे, पेन ड्राइव्हवर आहे आणि छापून कपाटातही आहे. फेरफाराची नोंद धरली की हरकतीसाठी आम्ही शेतकऱ्याला १५ दिवस देत होतो. लॅपटॉपला निदान १५ मिनिटांहून थोडी जास्त द्या.