शोध आणि झडती : ‘सर्च’ व ‘सर्च फॉर’ यांचा योग्य उपयोग

मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांत मराठी भाषकांची मोठी वस्ती आहे. २०२३ मध्ये या भागाचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील विद्यार्थी घरी ‘शोधणे’ व शाळेत ‘ढूँढना’ ही क्रियापदे वापरतो. दोहोंचे कर्म हरवलेली वस्तू हेच असते. त्यामुळे इंग्रजी लिहिताना ‘फॉर’ गळतो व अर्थ पालटतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीवर गोटमार यात्रा भरते. समजा, तेथील गर्दीत एक मुलगा हरवला. अशा वेळी ‘द पोलीस सर्च्ड द बॉय’ असे लिहिल्यास पोलिसांनी मुलाची झडती घेतली, असा अर्थ होतो. ‘सर्च्ड फॉर द बॉय’ म्हणजे मुलाचा शोध घेतला.

‘लुक फॉर’ याचाही अर्थ शोध घेणे असाच आहे; वस्तू सापडल्यास मात्र ‘फाइंड’ योजावे. सर्वनाम ‘फॉर’नंतर येते : ‘लुक फॉर इट’. शब्दकोशात अर्थ पाहण्यास ‘लुक अप’ म्हणतात. तेथे सर्वनाम मध्ये बसते : ‘लुक इट अप’.

अर्ज वा तक्रार लिहिण्यापूर्वी झडती की शोध, हे मराठीतच ठरवून घ्यावे.