बॉम्बच्या वजनाने ठरविलेला अग्निबाण

दिनांक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. त्याचे वजन अवघे ८३.६ किलोग्रॅम, परंतु त्याला वाहून नेणारा आर-७ हा अग्निबाण उड्डाणाच्या वेळी अडीचशे टनांहून जड होता. एवढ्याशा गोलासाठी एवढा अवाढव्य अग्निबाण कोणी का बांधावा? या प्रश्नाचा माग काढू लागलो, की आपण वेधशाळेच्या नव्हे, तर युद्धखात्याच्या दाराशी येऊन पोहोचतो.

आर-७ उपग्रहासाठी बांधलेलाच नव्हता. सोव्हिएत संघाला हायड्रोजन बॉम्ब अमेरिकेपर्यंत पोहोचविणारे क्षेपणास्त्र हवे होते आणि त्या बॉम्बचे वजन पाच टनांच्या पुढे धरण्यात आले होते. त्या वजनाला अनुसरूनच सेर्गेई कोरोल्येव्ह यांनी अग्निबाणाचा आराखडा आखला. अमेरिकेने मात्र हलके बॉम्ब बनविण्याची विद्या लवकर साधली होती. तिला लहान क्षेपणास्त्रे पुरेशी होती. शस्त्राच्या बाबतीत जे सोव्हिएतांचे उणेपण, तेच अवकाशात त्यांचे बळ ठरले. १२ एप्रिल १९६१ रोजी याच कुळातील अग्निबाणाने युरी गागारिन यांना त्यांच्या पावणेपाच टनांच्या यानासह पृथ्वीप्रदक्षिणेस नेले. त्यानंतर महिन्याभरातच अमेरिकेचे ॲलन शेपर्ड रेडस्टोन या क्षेपणास्त्रावरून झेपावले, पण ती झेप पंधरा मिनिटांचीच होती. कक्षेत पोहोचण्याइतकी शक्ती रेडस्टोनमध्ये नव्हती.

गंमत अशी, की शस्त्र म्हणून आर-७ फारसा कामाचा नव्हताच. त्याचे इंधन केरोसीन, आणि ते जाळण्यास द्रवरूप ऑक्सिजन. हा द्रव उणे १८३ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणून तो टाकीत भरून ठेवता येत नाही. उड्डाणापूर्वी तासन् तास भरणी करावी लागते. शत्रूचा हल्ला तेवढा वेळ कसा देणार? उपग्रहाच्या उड्डाणाचा दिवस मात्र आपणच ठरवितो, तेथे हा विलंब बाधत नाही. लष्कराने १९६८ पर्यंत आर-७ बाद केला. त्याच कुळातील सोयूझ आजही माणसे घेऊन जातो.

या सर्वांचे मूळ जर्मनीच्या व्ही-२ मध्ये आहे. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून त्याचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. सोव्हिएतांनी प्रथम त्याचीच नक्कल केली. अमेरिकेने त्याचे शिल्पकार वेर्नर फॉन ब्राउन यांनाच नेले, आणि रेडस्टोन त्यांच्याच देखरेखीखाली घडला. परंतु येथे आम्हांला थांबणे भाग आहे. १९४३ मध्ये पेनेम्युंडेवर बॉम्बवर्षाव झाल्यावर व्ही-२ ची बांधणी नॉर्डहाऊजेनजवळील डोंगराच्या बोगद्यांत हलविण्यात आली. तेथे डोरा छळछावणीचे कैदी राबविण्यात आले. आरंभी ते झोपतही बोगद्यातच, धुळीत आणि दुर्गंधीत. डोरा व तिच्या उपछावण्यांत आणलेल्या सुमारे ६०,००० कैद्यांपैकी सुमारे २०,००० मरण पावले. व्ही-२ च्या माऱ्याने जितके बळी घेतले, त्याहून अधिक माणसे अशी त्याच्या बांधणीपायी गेली. फॉन ब्राउन यांनी तो कारखाना स्वतः पाहिला होता.

अवकाशयुगाचा आरंभ आम्ही वर्गात पूर्वी स्पुटनिकपासून सांगत असू. आता त्या बोगद्यापासून सांगतो.