रोजचा अभ्यास आणि आत्मचरित्रांतील निवड

आत्मचरित्र लिहिणें हें थोरामोठ्यांचें काम, असा पुष्कळांचा समज असतो. म्हणून ‘माझें आत्मचरित्र’ हा विषय निबंधास मिळाला म्हणजे विद्यार्थी जन्मतारखेपासून आरंभ करितात. मग बक्षिसें, परीक्षेंतील गुण व सहली यांची यादी देतात, आणि शेवटीं मोठेपणीं देशसेवा करण्याचा निश्चय प्रकट करितात. असे चाळीस निबंध आम्ही एका बैठकींत वाचतों, तेव्हां वरचीं नांवें झांकलीं तर कोणता निबंध कोणाचा हें ओळखतां येत नाहीं. ज्याचें चरित्र, तोच त्यांत सांपडत नाहीं. असें कां व्हावें?

आमच्या मतें दोष निवडीचा आहे. विद्यार्थ्याच्या दिवसाचा मोठा भाग अभ्यासांत जातो. तथापि त्याविषयीं निबंधांत एक ओळहि नसते. जें रोजचें, तें क्षुल्लक, असें आपण धरून चालतों. महात्मा गांधींची आत्मकथा १९२५ पासून ‘नवजीवन’ पत्रांत क्रमशः प्रसिद्ध झाली. तींत त्यांनीं भूमितीची एक आठवण दिली आहे. चौथ्या इयत्तेंत हा विषय त्यांस इतका अवघड वाटे कीं, खालच्या वर्गांत परत जावें असें मनांत येई. परंतु नेटानें ते युक्लिडच्या तेराव्या सिद्धान्तापर्यंत पोंचले, आणि एकाएकीं विषयाचा सोपेपणा त्यांच्या ध्यानांत आला. यांत बक्षीस नाहीं कीं समारंभ नाहीं. तरी ही गोष्ट ग्रंथांत राहिली, कारण तिनें मुलाचें मन बदललें.

त्याच ग्रंथांत दुसरा प्रसंग आहे. जाइल्स नांवाचे अधिकारी शाळा तपासावयास आले व त्यांनीं पांच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. त्यांपैकीं ‘केटल’ हा शब्द गांधींचा चुकला. शेजाऱ्याच्या पाटीवर पाहून घे, असें शिक्षकांनीं बुटाच्या टोकानें सुचविलें. मुलानें तें केलें नाहीं. येथें तपासणाऱ्याचें नांव दिलें आहे, त्या शिक्षकांचें मात्र दिलेलें नाहीं. सत्य सांगितलें, पण कोणाची अब्रू घेतली नाहीं.

अपयशासहि जागा असावी. महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्त’ (१९१५) या ग्रंथांत पहा. सुमारे ११० मैलांची वाट पावसांतून पायीं तुडवून ते मुरुडाहून साताऱ्यास परीक्षेकरितां गेले. तेथें वय लहान दिसतें म्हणून त्यांस बसूंच दिलें नाहीं. ही निराशा त्यांनीं लपविली नाहीं.

विद्यार्थ्यांनीं एवढें करावें. रात्रीं अभ्यास आटोपल्यावर एका वहींत चार ओळी लिहाव्या: आज काय शिकलों, कोठें अडलों, कोणीं साह्य केलें, कशानें उमगलें. पुढें निबंध लिहितांना ती वही समोर ठेवून प्रत्येक गोष्टीविषयीं तीन प्रश्न विचारावे. हिच्यामुळें माझ्यांत कांहीं पालट झाला काय? ही मीं स्वतः अनुभविली काय? हींत दुसऱ्याचा दोष येत असेल, तर त्याचें नांव सांगण्याची गरज आहे काय?

आतां दोन शब्द पालकांस. एका विद्यार्थ्यानें लिहिलें होतें कीं, आई भाकरी थापीत असतां तो तिच्याजवळ बसून धडा वाची. आईस अक्षरओळख नव्हती, पण मुलगा अडखळला कीं ती हात थांबवून म्हणे, “पुन्हां वाच.” निबंधाच्या शुद्ध प्रतींत हा भाग दिसेना. विचारतां कळलें कीं, घरचें अज्ञान चारचौघांत उघडें होऊं नये म्हणून वडिलांनीं तो गाळावयास लाविला. त्यांचा हेतु वाईट नव्हता. परंतु त्या ओळी गेल्या, आणि त्या मुलास शिकविणारी पहिली व्यक्ति त्याच्या चरित्रांतून गेली.

पालकांनीं तारखा तपासून द्याव्या, लहानपणच्या विसरलेल्या गोष्टी सांगाव्या. पण काय ठेवावें व काय गाळावें हें ज्याचें आयुष्य त्याच्याकडे राहूं द्यावें. घरचे कष्ट ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे. ज्या मुलास तें निर्भयपणें लिहितां येतें, त्याचा अभ्यास व्यर्थ गेला नाहीं, असें आम्ही समजतों.