तारेत ओवलेली पत्रे

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याचे गाव. मराठवाड्यातील अशा गावांत, जुन्या घरांच्या खुंटीला एक लोखंडी तार अडकवलेली असे. आलेले पत्र वाचून झाले, की ते त्या तारेत ओवून ठेवण्याची रीत होती. असा एखादा गठ्ठा माळ्यावर सापडला, म्हणजे घरातील मुलांचे लक्ष प्रथम तिकिटांकडे जाते. पाकिटाचा कोपरा कापावा, तो पाण्यात भिजवावा आणि सुटलेले तिकीट वहीत चिकटवावे, असे त्यांना वाटते. जाणता संग्राहक मात्र कात्रीला हातही लावीत नाही.

का लावीत नाही, हे ह्या मुलखाच्या इतिहासावरून समजते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे टपालखाते निराळे होते आणि १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे निघू लागली. १८७१ पासूनच्या तिकिटांवर फारसी मजकुराच्या जोडीला किंमत इंग्रजी, तेलुगू व मराठी अक्षरांतही छापलेली असे. पुढे दरबारी कामकाज उर्दूत चालू लागले. तिकिटाच्या त्या चिमुकल्या जागेत मराठी मात्र टिकून राहिली!

ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. गोदावरी ओलांडून गेवराईस जाणाऱ्या पत्राला निजामी तिकीट पुरे होई. पुण्यास जाणाऱ्या पत्राला इंग्रज सरकारचे तिकीट लावावे लागे. पुण्याहून येणाऱ्या पत्रावरही तेच असे. त्यामुळे एकाच तारेत दोन राज्यांची तिकिटे शेजारी शेजारी येऊन बसत. धुऊन काढलेले तिकीट फक्त आपली किंमत सांगते. पत्र कोठून निघाले, कोठे पोहोचले आणि कोणत्या दिवशी, हे पाकिटावरील पत्ता व टपालाचे शिक्के सांगतात.

फार जुनी तिकिटे मुळातच थोडी उरली आहेत. आपल्या देशात चिकटवायची तिकिटे प्रथम १८५२ साली सिंध प्रांतात निघाली. त्यांतील पहिली लाल तिकिटे लाखेसारखी ठिसूळ होती. ती हाताळताना तुटत. त्यामुळे आज ती अत्यंत दुर्मिळ आहेत.

निजामाची १९३१ ची तिकिटे त्या मानाने पुष्कळ सापडतात, व ती देखणीही आहेत. आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आहे, तर एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मनोरा. ही दोन्ही स्थळे तीर्थपुरीच्या शेजारच्याच जिल्ह्यातील. साध्या पत्राला मात्र इतके महाग तिकीट लागत नसे. म्हणून खेड्यातल्या तारेवर ती सहसा आढळत नाहीत. १९५० साली संस्थानाचे टपालखाते भारत सरकारच्या टपालखात्यात मिळाले आणि ही तिकिटे बंद झाली.

गठ्ठा हाती आला, म्हणजे संग्राहक एकेक पत्र तारेतून अलगद सोडवतो. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपतो, पाकीट न दुमडता जाड कागदात ठेवतो आणि पावसाळ्यात ओल लागणार नाही अशी जागा पाहतो. मधोमध तारेने पडलेले भोक व त्याभोवतीचा तांबूस गंजाचा डाग मात्र तो तसाच राहू देतो.