मद्यपी चालक, जखमी वाटसरू आणि भरपाईचा हक्क

काजूची बोंडे पिकू लागली की गोव्याच्या डोंगरउतारांवरील भट्ट्या पेटतात. हुर्राक व फेणी यांवर येथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो आणि राज्यात दारूबंदीही नाही. त्यामुळे मद्यपानाच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करावयाची नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. प्यालेला मनुष्य वाहन चालवू लागला म्हणजे कायदा त्याला कोठे अडवितो, आणि त्याच्या हातून कोणी जायबंदी झाल्यास त्या जखमीला काय, कोणाकडून व कसे मिळते, एवढेच पाहावयाचे आहे. या दुसऱ्या भागाविषयी खेड्यापाड्यांतून जे गैरसमज आढळतात, त्यांपायी हक्काचा पैसा हातचा जातो. म्हणून त्यावर अधिक भर दिला आहे.

२५ मे २०२४ च्या रात्री वेर्णा औद्योगिक वसाहतीत एक बस रस्त्याकडेच्या झोपड्यांत घुसली आणि आत झोपलेले चार मजूर मृत्युमुखी पडले. चालक मद्याच्या अंमलाखाली होता, असा आरोप पोलिसांनी ठेवला. पोटासाठी परमुलखातून आलेल्या अशा माणसांजवळ ना कोणी वकील असतो, ना कागद वाचून दाखविणारा. कायद्याची खरी कसोटी लागते ती अशाच ठिकाणी.

कायद्याची मर्यादारेषा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १८५ अन्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे किंवा चालविण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा होय. 'मी शुद्धीत होतो, माझा तोल गेला नव्हता' हा बचाव येथे चालत नाही. मोजमापाने मर्यादा ओलांडली की गुन्हा पुरा झाला. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढविण्यात आला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हा गुन्हा तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. म्हणजेच रस्त्यावर पावती फाडून प्रकरण संपत नाही, चालकास न्यायालयापुढे उभे राहावेच लागते. शिवाय कलम १८८ प्रमाणे या गुन्ह्यास जो चिथावणी देतो त्यालाही तीच शिक्षा आहे. प्यालेल्या ड्रायव्हरला 'जा, गाडी सोडून ये' असे सांगणाऱ्या मालकाने हे कलम एकदा वाचावे.

अपघातात माणूस दगावला तर प्रकरण याहून गंभीर होते. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वांद्रे येथील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढून सात जण ठार झाले. चालकाच्या रक्तात मद्यार्क आढळला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये हा केवळ निष्काळजीपणा न मानता सदोष मनुष्यवध ठरविला व तीन वर्षांची शिक्षा कायम केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही निष्काळजीपणाने झालेला मृत्यू कलम १०६ खाली आणि सदोष मनुष्यवध कलम १०५ खाली असा भेद कायम आहे.

प्रतिबंधाचा आणखी एक मार्ग मद्याची दुकाने दूर नेण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. मार्च २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकवस्तीच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटर करण्यात आले आणि पुढील आदेशांनी त्यात आणखी सवलती मिळाल्या. गोव्यासारख्या चिंचोळ्या राज्यात, जेथे गावेच महामार्गाला चिकटून वसलेली आहेत, तेथे या नियमाने मोठी खळबळ उडाली होती. अंतर वाढविल्याने मोह कमी होतो हे खरे. परंतु लग्नाच्या मांडवातून निघणाऱ्या दुचाकीला हा नियम पोहोचत नाही.

पहिले काही तास

पोलीस अधिकारी किंवा ग्रामस्थ यांच्या हातून सर्वांत मोठी हानी होते ती विलंबाने. रक्तातील मद्यार्क ताशी सरासरी सुमारे १५ मिलिग्रॅम या वेगाने उतरतो. रात्री दहाला ७० मिलिग्रॅम असलेला चालक रात्री एक वाजता २५ च्या आसपास येतो आणि कागदावर निर्दोष ठरू शकतो. म्हणूनच कलम १८५ खाली अटक झालेल्या व्यक्तीची अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा तिला कोठडीतून सोडावे लागते, असे कलम २०२ सांगते. श्वासचाचणीस किंवा रक्ताचा नमुना देण्यास वाजवी कारणावाचून नकार दिल्यास तो नकार कलम २०५ खाली चालकाच्याच विरुद्ध जातो. ग्रामीण आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांसाठी एक छोटी पण महत्त्वाची बाब अशी की, नमुना घेताना कातडी स्पिरिटने पुसू नये. नंतर त्याच मुद्द्यावर वकील अहवालास आव्हान देतो.

जखमीस उचलणाऱ्याने भिऊ नये. कलम १३४अ अन्वये सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याचे नावगाव विचारता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेप्रमाणे रस्ते अपघातातील जखमीवर नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार होतात. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

भरपाई कोण देतो?

येथेच मोठा गैरसमज आहे. 'ड्रायव्हर प्यालेला होता, आता विमा कंपनी हात वर करणार' असे गावोगावी ऐकू येते, आणि मग जखमीचे नातेवाईक मालकाने देऊ केलेल्या चार पैशांवर समझोता करून मोकळे होतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १५० मध्ये मद्याच्या अंमलाखाली वाहन चालविणे हा विमा कंपनीचा एक बचाव म्हणून घातला गेला, हे खरे. परंतु तो बचाव मुख्यतः कंपनी व मालक यांच्यातील करारापुरता आहे. वाटेने जाणारा त्रयस्थ मनुष्य त्या कराराचा भागीदार नसतो. कंपनीने आधी त्यास रक्कम द्यावी आणि नंतर ती मालक-चालकांकडून वसूल करावी, अशीच न्यायालयांची दिशा असून केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असाच निर्णय दिला आहे. म्हणजे जखमीचा हक्क बुडत नाही. भार फिरून येतो तो मालकाच्या दारात. स्वतःच्या मोडक्या गाडीचे पैसे मात्र मालकास मिळणे कठीण. दिल्लीत २००७ साली झालेल्या अपघाताच्या प्रकरणात, श्वास वा रक्ताची चाचणी झालेली नसतानाही इतर परिस्थितीवरून मद्यपान सिद्ध धरून, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गाडीमालक कंपनीचा विमादावा अमान्य केला.

जखमीपुढे दोन वाटा असतात. कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता मृत्यूस ५ लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मिळतात. ही वाट जलद आहे, पण ती रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली की कलम १६६ खालील मोठा दावा संपुष्टात येतो. दुखापत आयुष्यभराची असेल तर ही सही करण्यापूर्वी पुढील हिशेब पाहावा.

समजा, एक ३४ वर्षांचा पाडेली नारळ पाडून महिना १२,००० रुपये मिळवितो आणि अपघातात त्याचा पाय निकामी होतो. डॉक्टर दाखल्यात ४५ टक्के अपंगत्व लिहितात. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी मनुष्यास भावी उत्पन्नवाढीपोटी ४० टक्के धरले जातात, म्हणजे महिना १६,८०० व वर्षाला २,०१,६०० रुपये झाले. ३१ ते ३५ वयाला २००९ च्या सरला वर्मा निर्णयाप्रमाणे १६ हा गुणक लागतो. गुणाकार ३२,२५,६०० रुपये. आता दाखल्यातील ४५ टक्के धरले तर त्यास १४,५१,५२० मिळतील. परंतु ज्याला माडावर चढताच येत नाही, त्याचा धंदा पुरताच बुडाला. २०१० च्या राजकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे की शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीची हानी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. म्हणून न्यायाधिकरणापुढे डॉक्टराची साक्ष घेताना, 'हा मनुष्य आपले काम पुन्हा करू शकेल काय?' हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. उपचाराचा खर्च, सोबतीचा खर्च व यातनांची भरपाई ही याखेरीज. वाहन ठोकरून पळून गेले व सापडलेच नाही, तर कलम १६१ खालील योजनेत मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये मिळतात.

फौजदारी खटल्याच्या निकालासाठी थांबण्याचे कारण नाही, कारण न्यायाधिकरणास तितका कडक पुरावा लागत नाही. पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणास व विमा कंपनीस पाठवावयाचा असतो आणि तोच अहवाल अर्ज म्हणून धरता येतो. तरीही जखमीने स्वतःचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करणे इष्ट. अर्ज अपघात झाला तेथे किंवा अर्जदार राहतो अथवा धंदा करतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. म्हणजे बेळगावकडचा मजूर मडगावजवळ जखमी झाला तर त्याला तारखांसाठी घाट उतरून येण्याची गरज नाही. स्त्रिया, मुले, अपंग, औद्योगिक कामगार तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. तेथे जाताना प्रथम खबरीची प्रत, रुग्णालयाचे कागद, औषधांच्या पावत्या आणि मिळकतीचा जो असेल तो पुरावा बरोबर न्यावा. पाडेल्याजवळ पगारपत्रक नसते. ज्या बागायतदारांचे माड तो पाडतो, त्यांतील दोघांचे लेखी निवेदन असले तरी सुरुवातीस पुरते.