आवाज ऐकून एक्झॉस्ट घेऊ नका

कंपनीबाहेरचा एक्झॉस्ट विकणारे सगळ्यात आधी आवाज ऐकवतात. गाडी जागेवर उभी, गिअर न्यूट्रल, दोन-तीनदा जोरात रेस द्यायची आणि गिऱ्हाइकाचा चेहरा खुलला की बिल फाडायचं. माझं स्पष्ट म्हणणं आहे की या धंद्यातली फसवणूक इथूनच सुरू होते, कारण उभ्या गाडीचा आवाज पळत्या गाडीबद्दल काहीच सांगत नाही. रेस देताना इंजिनावर भार नसतो आणि आरपीएम क्षणात वर जाऊन खाली येतो. आपण बिदर-कलबुर्गीकडची माणसं गाडी पळवतो ती हुमनाबाद-जहिराबादच्या सरळ पट्ट्यात, वरच्या गिअरात, एकाच आरपीएमवर, कितीतरी वेळ. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे २४०० आरपीएमला सेकंदाला ८० धक्के. तीन सिलिंडरच्या गाडीत ६०. बंद केबिनमध्ये घुमून डोकं उठवतो तो नेमका हाच खालच्या पट्टीतला आवाज, ज्याला गाडीवाले ड्रोन म्हणतात. तक्रार केली की ‘एक छोटा रेझोनेटर टाकून देतो’ असं उत्तर मिळतं. ते टिकत नाही. एक टोक बंद असलेली जोडनळी लावून ड्रोन मारता येतो, पण तिची लांबी ध्वनिलहरीच्या पावपट लागते. गरम धुरात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर ८० हर्ट्झसाठी ती नळी दीड मीटरच्या आसपास होते. वीतभर डबा वरचा किरकिरा आवाज कमी करील, हा घुमघुमाट नाही. हे गणित ज्याला येत नाही त्याने एक्झॉस्ट बनवू नये, आणि ज्याला येतं तरी जो सांगत नाही त्याच्याबद्दल मला आदर उरलेला नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आवाजाचं जाऊ द्या, पॉवर तर वाढते ना? एक उदाहरण पाहा: ह्युंदाईने २०२१ मध्ये आय२० एन लाइन आणली. तिचं १ लिटर टर्बो इंजिन साध्या आय२० टर्बोमधलंच. कंपनीने सस्पेन्शन कडक केलं, स्टिअरिंग जड केलं, एक्झॉस्टचा आवाज मुद्दाम भारदस्त केला. पण ताकदीचा आकडा दोन्ही गाड्यांना १२० पीएस आणि १७२ एनएम हाच ठेवला. प्रयोगशाळा, ताकद मोजणारा डायनो आणि इंजिनिअरांची फौज हाताशी असलेली कंपनी निव्वळ एक्झॉस्ट बदलून जास्त पॉवरचा दावा करत नाही, आणि पत्र्याच्या शेडमधला माणूस छातीठोकपणे पंधरा हॉर्सपॉवर वाढवून देतो म्हणतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. टर्बो गाडीत टर्बोच्या लगेच मागचा पाइप, म्हणजे डाउनपाइप मोठा केला आणि सोबत इसीयूचा रिमॅप केला, तर फरक पडतो, कारण टर्बोनंतरचा अडथळा कमी झाला की टर्बाइनला जोर मिळतो. पण बहुतेकांना विकतात ते त्याच्या मागचं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे कॅटनंतरचं शेपूट. त्यात आवाज बदलतो, थोडं वजन कमी होतं, ताकद नाममात्र. टर्बो नसलेल्या गाडीला वाटेल तेवढा जाड पाइप लावला तर धुराचा वेग पडतो आणि गावातल्या रस्त्यावर लागणारी खालच्या आरपीएमची ओढच जाते. म्हणून डायनोचा कागद मागा, आणि तो तुमच्याच गाडीचा, काम करण्याआधीचा आणि नंतरचा, एकाच दिवशी घेतलेला हवा. दुसऱ्याच्या गाडीचा मोबाइलवरचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे. रिमॅप करणार असाल तर तो कोणत्या पेट्रोलवर केला हेही लिहून घ्या. हैदराबादच्या पंपावरचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल औराद, कमलनगर किंवा चिंचोळीच्या प्रत्येक पंपावर मिळत नाही, आणि जास्त ऑक्टेनसाठी ताणलेल्या इंजिनात साधं पेट्रोल भरलं की नॉकिंग सुरू होऊ शकतं.

धातूबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण माझा राग तिथे आहे. बिदरीकामाचा कारागीर बिदरच्या किल्ल्यातली मातीसुद्धा जिभेवर ठेवून पारखतो. त्या गावच्या माणसाला ‘एसएस आहे साहेब, गंजणार नाही’ एवढ्यावर गप्प करू पाहणं हा अपमान आहे. एसएस म्हणजे कोणतं? ४०९ ग्रेडचं स्टील कंपन्याही वापरतात, ते वाईट नाही, पण त्याला वरून तांबूस गंज चढतो आणि ते ३०४ पेक्षा स्वस्त असतं. ३०४ म्हणून ४०९ विकलं असेल तर चुंबक घट्ट चिकटतं. मात्र चुंबक चिकटलं नाही म्हणून ३०४ सिद्ध होत नाही. स्वस्तातलं २०१ ग्रेडही चुंबकाला दाद देत नाही. स्टीलच्या व्यापाऱ्याकडे मँगनीज ओळखणारं द्रावण असतं, त्याच्या एका थेंबात २०१ उघडं पडतं. आता जोड पाहा. ३०४ म्हणून विकलेल्या आणि चुंबकाला चिकटणाऱ्या पाइपाचा कापलेला तुकडा मी हे लिहिताना समोर ठेवला आहे. बाहेरून टिग वेल्डिंगची झाळ सुरेख, नाण्यांच्या चळतीसारखी एकावर एक सरकलेली. आतून बोट फिरवलं तर काळपट, खडबडीत, साखर जळून चिकटावी तसे दाणे. वेल्ड करताना पाइपाच्या आतून आर्गॉन सोडला नाही की हे होतं, आणि तडा पुढे याच दाण्यांतून जातो. वाकणही तपासा: साध्या बेंडिंग मशीनवर दाबलेल्या पाइपाचं वळण चपटं होतं, आत मँड्रेल घालून वळवलेल्या पाइपाचा व्यास सगळीकडे सारखा राहतो.

यापेक्षाही लागलेली गोष्ट म्हणजे काढलेल्या सुट्या भागांची. मूळ सेट परत मिळेल का असं आधी विचारून, होकार घेऊन, नंतर ‘तो भंगारात गेला’ हे उत्तर ज्या वर्कशॉपने मला दिलं त्याचं नाव मी इथे घेत नाही. हिशेब मात्र मांडतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप असतो. त्या भंगाराला गिऱ्हाईक असतं आणि भाव लोखंडाचा नसतो. ‘खास तुमच्यासाठी’ दिलेली सूट कोणाच्या खिशातून येते हे त्या एका उत्तराने उघड होतं. ‘कॅट काढला तर गाडी मोकळी होते’ हा सल्ला देणाऱ्याचा स्वार्थही तिथेच असतो. कॅट गेला की कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स थेट बाहेर पडतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत कॅटच्या मागे बसलेला ऑक्सिजन सेन्सर ते टिपतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. तो दिवा सॉफ्टवेअरने विझवून देणं ही दुरुस्ती नाही, लपवाछपवी आहे.

‘आपल्याकडे कोण पकडतं?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो सगळ्यात घातक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केला: उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून दूर जाईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्सवर पाणी. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे राज्याची सीमा ओलांडून तो बदलत नाही. आणि आपण सीमेवरची माणसं रोज ओलांडतो ती सीमाच. केए-३८ किंवा केए-३२ ची पाटी सोलापूर-पुण्याकडे परराज्याची दिसते, त्यात पाइप गरजत असेल तर हात आडवा येणारच. ‘माझे पैसे, माझा शौक’ म्हणणाऱ्याला एवढंच सांगतो की रात्री बाराला गल्लीत झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाने त्या शौकाचे पैसे भरलेले नसतात.

तरीही बदलायचाच असेल, तर कॅटला हात न लावणारा, तुमच्याच मॉडेलसाठी बनलेला सेट घ्या. विक्रेता एआरएआयची मान्यता सांगत असेल तर प्रमाणपत्र पाहा आणि त्यावर तुमच्या गाडीचं नाव आहे का ते वाचा. पाइप मूळ उंचीपेक्षा खाली लोंबकळत नाही ना, हे चार माणसं बसवून तपासा. आपल्याकडच्या गतिरोधकांवर पहिला बळी त्याचाच जातो. गाडीची वॉरंटी आणि विमा यांच्या अटी आधी वाचा. दुकान शंभर-दीडशे किलोमीटरवर असेल तर जोड उलला तेव्हा कोण येणार, हे आधी विचारा. बिलावर स्टीलची ग्रेड, पाइपाचा व्यास आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. ट्रायल उभ्या गाडीची नको, हायवेवर वरच्या गिअरात निदान अर्धा तास घ्या. आणि काढलेला मूळ सेट नट-बोल्टसकट डिकीत पडल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.